मीटरवाला आला की दिवे बंद

मीटर बसवायला कुठंही जा, एक गोष्ट ठरलेली. खांद्याला पिशवी आणि हातात शिडी घेऊन मी फाटकातनं आत येताना दिसलो, की आतली माणसं उठतात आणि पटापट बटणं बंद करतात. पंखे थांबतात, ट्यूब विझतात. एखादा भला माणूस देवाच्या फोटोसमोरचा बारका दिवासुद्धा मालवतो. अहो, मी वीज मोजायला आलेलो नसतो, नुसता भिंतीवरचा डबा बदलायला आलेलो असतो. तरीपण. डॉक्टरसमोर उभं राहिलं की माणूस पोट आत ओढतो, तसलाच प्रकार.

सगळी उमर वायरिंगमध्ये गेली. शेवटची काही वर्षं एका ठेकेदाराकडं काढली आणि कोल्हापुरात नि आसपासच्या तालुक्यांत शाळा, दवाखाने, वाचनालयं, सार्वजनिक हॉल असल्या इमारतींत हे नवे, आपोआप चालणारे मीटर बसवले. ह्या अंकाचे संपादक म्हणाले, "दत्ताराम, गमतीजमती लिहा." गमती आहेत, दोन सांगतो. पण माझ्या मनात एकच गोष्ट आहे आणि तिच्यात गंमत न्हाय.

आधी धंदा समजून घ्या. जुन्या मीटरात एक चकती फिरायची. महिन्यातनं एकदा एक माणूस यायचा, आकडा टिपायचा, जायचा. नव्या मीटरात मोबाईलसारखं सिमकार्ड असतं. इथं किती वीज गेली ते तो स्वतःच दिवसरात्र ऑफिसला कळवत राहतो. आणि ऑफिसातल्या माणसाच्या मनात आलं, तर खुर्चीवरनं न उठता तो इथली वीज तोडू शकतो. शिडी नको, पक्कड नको. आम्हांला दोनदाच बोलावतात. एकदा मीटर बसवायला आणि एकदा काढायला.

सरकारी इमारतींचा नंबर आधी का लागला, तर तिथं भांडायला मालक नसतो. घरात गेलो असतो तर बायकांनी लाटणं घेऊन जिन्यातच अडवलं असतं.

कामात अवघड असं काय न्हाय, पण चुकून चालत न्हाय. मेन स्विच पाडायचा, टेस्टर लावून खात्री करायची, तारांची टोकं खरवडून स्वच्छ करायची आणि स्क्रू असा आवळायचा की तार हलता कामा नये. तार सैल राहिली की तिथं तापते. आधी वास येतो, मग काळं पडतं, मग पेटतं. त्यात जुन्या डब्यात पाली, झुरळं, गांधीलमाश्यांची पोळी. एकदा गालाला गांधीलमाशी डसली तेव्हा घरी बायकोनं मला दारातच "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं होतं. पण माझ्या हातचा एक मीटर आजवर जळलेला न्हाय. हे मी फुशारकीनं सांगतो, कारण फुशारकी मारावी असं दुसरं फारसं काही माझ्याजवळ उरलेलं न्हाय.

गारगोटीकडच्या एका शाळेत माझ्याआधी मीटरच्या पूजेची तयारी झाली होती. हळद, कुंकू, झेंडूची माळ, समोर ओळीनं बसवलेली पोरं. हेडमास्तर म्हणाले, "पावणं, नवी वस्तू हाय. नारळ फोडल्याबिगर चालू करायची न्हाय." मी म्हटलं, फोडा की, पण लांब, तिकडं पायरीवर. "व्हय, व्हय," म्हणाले. नारळ पायरीवरच फोडला. आणि मग वाटी घेऊन आले नि भक्तिभावानं त्यातलं पाणी मीटरवर शिंपडलं की! झाकण अजून बसवायचं होतं. फाट्‌दिशी आवाज आला आणि सगळी शाळा बंद पडली. मी कपाळावर हात मारला. हेडमास्तर पोरांकडं वळून म्हणाले, "टाळ्या वाजवा."

दुसरी गोष्ट पेठ वडगावच्या एका वाचनालयातली. तिथं पेन्शनीत निघालेले एक आजोबा पेपर वाचायला रोज येऊन बसायचे. नव्या मीटरावर एक लाल दिवा असतो. वीज चालू असली की तो लुकलुकतो. आजोबांनी मला धरलं. "ह्यो लुकलुकतोय कशाला?"

"वीज वापरली की लुकलुकतो, आजोबा."

"म्हंजी ह्योच खातोय की वीज! आमी पेपर वाचतोय नुसता."

चहा होईपर्यंत समजावलं. त्यांनी मान हलवली. पुढं काही कामानं परत गेलो तर त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी. मी काढायला गेलो तर आजोबा काठी आपटत उठले. "हात लावू नका! पट्टी लावल्यापास्नं मीटर हळू पळालाय." घरी पोचेपर्यंत मी एकटाच हसत होतो. आता आठवलं की हसू येत न्हाय. मीटर पळतो ह्या भीतीनं माणसं काय करून बसतात ते पुढं डोळ्यांनी बघितलं.

राजारामपुरीच्या मागच्या अंगाला एक बैठा हॉल होता. पुढं व्हरांडा, बाजूला लिंबाचं झाड. कुठल्या खात्याचा ते लिहीत न्हाय, लिहून उपयोग न्हाय. त्या हॉलमध्ये अक्काताई पोरं सांभाळायच्या. अक्काताई म्हणजे बालवाडीतनं निवृत्त झालेल्या बाई, जैन शेतकरी घरातल्या, माहेर वडगावकडचं. आसपासच्या फ्लॅटांत धुणीभांडी करणाऱ्या, दवाखान्यांच्या फरशा पुसणाऱ्या बायका सकाळी आपली बारकी पोरं तिथं सोडायच्या आणि दिवस मावळायच्या आत घेऊन जायच्या. अक्का त्यांना भात भरवायच्या, निजवायच्या, अंक शिकवायच्या. ज्याला जे जमेल ते तो आणून द्यायचा, कोण तांदूळ, कोण भाजी. मी जाता येता पंखे दुरुस्त करून द्यायचो. हॉल वापरायची परवानगी कुणा एका जुन्या साहेबानं तोंडी दिलेली. तो साहेब बदलून गेला, निवृत्त झाला. अक्का राहिल्या.

मी मीटर बसवायला गेलो तर अक्कांनीसुद्धा आधी सगळी बटणं बंद केली. मग माझ्या शिडीला हात देऊन उभ्या राहिल्या.

"दत्ता, ह्यो पळतोय म्हणत्यात."

"न्हाय पळत, अक्का. वापराल तेवढीच दाखवतोय."

"दाखवू दे की. पण कुणाला दाखवतोय?"

"ऑफिसला."

अक्का हळूच म्हणाल्या, "बाबा, आजपतोर ऑफिसला आमची आठवण झाली न्हाय, म्हणून आमी हितं हाय. बिल वाढलं की कोणतरी इचारंल, ही बाई कोण? ही पोरं कुणाची? मग काय सांगू?"

मी म्हटलं, तुम्ही बिनधास्त वापरा. चार पंखे आणि दोन ट्यूब, त्याचं बिल ते काय असणार. त्या "व्हय" म्हणाल्या. अक्का "व्हय" म्हणाल्या की समजायचं, बाई आपल्या मनाचंच करणार.

आणि तसंच केलं. त्या दिवसापासनं पंखे बंद. भर उन्हाळ्यात पोरं व्हरांड्यात, लिंबाच्या सावलीकडच्या बाजूला, ओलं फडकं टांगून झोपवलेली. अक्का मध्ये बसून पुठ्ठ्यानं वारा घालायच्या, ह्याला जरा, त्याला जरा. मी चिडून म्हटलं, "अहो अक्का, पंखा लावा की!" तर म्हणायच्या, "कशाला रं? वारा हाय की." झाडाचं पान हलत नव्हतं. पावसाळ्यात आत अंधार झाला तरी ट्यूब लागायची न्हाय. तसंही दिव्याशी त्यांचं फारसं नातं नव्हतं. त्या सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या. दिव्याभोवती किडे येऊन मरतात म्हणून घरीही लवकर अंधार करून निजणाऱ्या.

पूर्वी त्या हॉलचं रीडिंग घ्यायला महादेव यायचा. चांगला माणूस. अक्का त्याला गूळपाणी द्यायच्या, पोरं त्याच्या पायात घोटाळायची, त्याच्या पिशवीत हात घालायची. ह्या इमारतीत वीज इतकी कमी का, असं त्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, अहो, बाई काटकसरी हाय, आत पोरांचा कालवा हाय. नवे मीटर आले आणि महादेवचं काम गेलं. आता तो एका मंगल कार्यालयात खुर्च्या मांडतो. दारात येणारा एक माणूस होता, तोही बंद झाला.

दसरा झाला आणि ठेकेदारानं मला सांगितलं की काही इमारतींतले मीटर काढायचे आहेत. वरच्या ऑफिसनं मीटरवरनंच शोधून काढलं होतं की कुठल्या इमारती कुणी वापरत न्हाय. त्या आता बंद करून दुसऱ्या कामाला द्यायच्या. नावं वाचताना त्यात अक्कांचा हॉल! कुणी वापरत न्हाय म्हणे.

मी तडक ऑफिस गाठलं. साहेब तरुण होते आणि खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, चहा मागवला. स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवली. बाकीच्या इमारतींच्या रेघा वरखाली होत होत्या. अक्कांच्या हॉलची रेघ तळाला चिकटलेली.

"साहेब, तिथं रोज पोरं असतात. मी स्वतः बघतो."

"असतील. तुमच्यावर अविश्वास नाही. पण पंखे नाहीत, दिवे नाहीत, मोटर नाही. अशी इमारत वापरात आहे असं मी कशावरून दाखवू?"

"येऊन बघा की एकदा. पायी गेलं तरी इथनं जवळ हाय."

"माझ्याकडं किती इमारती आहेत ठाऊक आहे का? प्रत्येक ठिकाणी जाणं शक्य नाही म्हणून तर हे मीटर घेतले." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाले, "असं करू. मी तुमचं काम संक्रांतीपर्यंत थांबवतो. तेवढ्यात वापर दिसला तर बघू."

मी हे हॉलवर येऊन सांगितलं. संध्याकाळ व्हायची होती, आया पोरं न्यायला आलेल्या. अक्का कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या. "म्हंजी मी वीज वाचवली, ती माझीच चूक झाली व्हय रं?" तेवढ्यात सुनीता म्हणाली, "मग जाळूया की!" ही सुनीता दोन दवाखाने झाडायची. नवरा सोडून गेलेला, पदरात रेणू नावाची एक बारकी पोर, नुकती बोलायला लागलेली. "वीजच दिसली पाहिजे न्हवं त्यास्नी? दाखवूया!"

आणि मग त्या बायकांनी जे केलं, नाद खुळा! थंडी पडलेली, तरी चारी पंखे फुल्ल. खाली पोरं कानटोप्या घालून बसलेली. एकीनं इस्त्री आणली, दुसरीनं मिक्सर, आणि सगळ्यांच्या घरची चटणी त्या हॉलमध्ये दळली जायला लागली. पोरं शिंकून बेजार. सुनीतानं कुठनंतरी पाणी तापवायचा रॉड आणला. वायरिंग सोसंल का ते मी तपासून घेतलं, सगळे स्क्रू परत आवळले. मग त्या व्हरांड्यात पोरांना रोज कडकडीत पाण्यानं आंघोळी. रेणू बादलीतनं बाहेर यायला तयार नसायची. "आनी पानी, आनी पानी," म्हणजे अजून पाणी पाहिजे, म्हणून भोकाड पसरायची. अक्का हसायच्या. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

ट्यूब मात्र रात्रभर चालू ठेवायची हे अक्कांच्या जिवावर यायचं. सकाळी कुलूप काढलं की ट्यूबखाली किडे पडलेले दिसायचे. त्या ते केरसुणीनं न झाडता कागदावर हळूच गोळा करायच्या आणि झाडाच्या बुडाशी नेऊन ठेवायच्या. ओठांत णमोकार मंत्र चाललेला असायचा. मला म्हणाल्या, "दत्ता, ह्ये पाप मी पोरांच्यासाठी करतोया. माझ्या खात्यावर पडू दे." आमच्याकडं बायकाही 'करतोया' म्हणतात, हसू नका.

संक्रांतीच्या तोंडावर एका दुपारी वीज गेली. मला वाटलं फ्यूज. गेलो, बघतो तर फ्यूज ठीक. शेजारच्या दुकानात वीज आहे. मीटरच्या पडद्यावर अक्षरं आली होती आणि ती काय सांगत होती ते मला वाचायची गरज नव्हती. ऑफिसनं तोडली होती.

साहेबांना फोन लावला. त्यांचा आवाज पडलेला. म्हणाले, "दत्ताराम, वापराविना असलेल्या इमारतीत अचानक वीज वाढली की मीटर आपोआप खूण करतो. कुणीतरी घुसून चोरून वापरतंय असा त्याचा अर्थ निघतो. तशा सगळ्या जोडण्या तोडायच्या मंजुरीला एकदम येतात."

"मग मंजुरी कुणी दिली, साहेब?"

म्हणाले, "मी. त्या दिवशी खूप होत्या. नाव बघितलंच नाही."

"मग आता जोडा की परत."

"आता ते माझ्या हातात नाही. अनधिकृत म्हणून वर गेलं."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. वीज वापरली न्हाय तर कुणी राहत न्हाय, वापरली तर चोर. मी त्या फोनवर साहेबांना नको ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला न्हाय. शेवटी मीच ठेवला.

त्यानंतर अक्का एका माजी नगरसेवकाकडं गेल्या, आया मिळून खात्यात जाऊन बसल्या. सगळीकडं एकच प्रश्न, "तुम्हाला परवानगी कुणी दिली?" अक्का ज्या साहेबाचं नाव सांगायच्या, तो माणूस वारलेला निघाला. मग एके दिवशी खात्याची माणसं येऊन सांगून गेली, हॉल रिकामा करा.

पोरं पांगली. कुठं गेली विचारता? एकीच्या थोरल्या मुलीनं शाळा सोडली, आता ती धाकट्याला घेऊन घरी बसते. एकजण पोराला गावी सासूकडं सोडून आली आणि तेव्हापासनं तिचं कामात लक्ष न्हाय. सुनीताला एका दवाखान्यानं काढलं, कारण रेणूला बरोबर नेलं की पेशंट तक्रार करतात. दुसऱ्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मी रेणूला बघितलं. दोन स्कूटरच्या मध्ये पोत्यावर बसवलेली, कमरेला ओढणी, ओढणीचं टोक खांबाला बांधलेलं, रस्त्यावर जाऊ नये म्हणून. मला ओळखलं तिनं. म्हणाली, "आनी पानी." मला तिथं थांबवलं न्हाय. काय तोंडानं थांबू?

मी ठेकेदाराला सांगितलं होतं, त्या हॉलचं काम मला देऊ नका. तो म्हणाला, बरं, दुसऱ्याला पाठवतो. मग मीच विचार केला की दुसरा कुणी परका जाणार, तारा ओरबाडणार, अक्कांना चल बाजूला हो म्हणणार. त्यापेक्षा मीच जावं. गेलो.

हॉल जवळजवळ रिकामा झाला होता. गोधड्यांचं एक गाठोडं, भाताचं मोठं पातेलं, पत्र्याची पेटी एवढंच व्हरांड्यात काढून ठेवलेलं. अक्का पायरीवर बसल्या होत्या. मी शिडी टेकवली. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "आलास व्हय."

"व्हय अक्का."

"तू आलास ते बरं केलंस."

मी शिडी चढलो, पक्कड काढली, आणि झाकणाचा पहिला स्क्रू सैल केला. इतक्यात अक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं काहीतरी विसरलं असेल. आतनं आवाज आला, टक. मग परत, टक. एकेक करून भिंतीवरची सगळी बटणं त्यांनी बंद केली, पंख्यांची, ट्यूबची, सगळी. वीज तोडून किती दिवस झाले होते. मग बाहेर आल्या, शिडीला हात देऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काढ आता. काय चालू ठेवलं न्हाय मी."